धोट्याचं टोक

मी दुसरीपर्यंत शिकले, पण कुणापुढे मान खाली घातली नाही. त्या दिवशी घातली.

माझी नात मयुरी सुरतच्या एका सहल कंपनीत आहे. मनालीच्या वर लोकांना फिरवायचं, तर बर्फावर चालायचे जाळीचे जोडे नीट वापरता आले पाहिजेत म्हणे. त्याचंच पुढचं शिक्षण घ्यायला ती मनालीला निघाली होती. सुरतेतच, कोसाडच्या आमच्या घराच्या गच्चीवर ते जोडे घालून बदकासारखी चालायची.

"आजी, हजारो वर्षांपूर्वी लोक लाकूड वाकवून त्यात चामड्याची वादी विणायचे."

"म्हणजे बाजच की! आम्ही तिच्यावर झोपलो, तू नाच."

हसले. पण ती निघायच्या आधी तिच्या जाकिटाच्या अस्तरात, छातीपाशी, मी लोखंडाचा तुकडा शिवला. आमच्या मालकांच्या, तिच्या आजोबांच्या, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं टोक. लांब जाणाऱ्याला नजर लागू नये म्हणून आम्ही लोखंड देतोच. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईसाहेबांनी उसवून ठेवलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "आज खरा उतार आहे, आजी. छातीला यंत्र बांधलंय. बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर त्याच्या इशाऱ्यावर शोधतात. पाव तासात काढावं लागतं. यंत्राजवळ मोबाईल नको, लोखंड नको, इशारा बिघडतो..."

मी तोंड उघडेपर्यंत फोन कटला. परत लावला तर लागेना.

"काय झालं, आई?" सून रूपाली धावत आली.

"मनालीला शिकवतात त्या सरांच्या ऑफिसला फोन लाव."

"पण झालं काय?"

"लाव म्हणते ना! पोरीच्या छातीवर मीच लोखंड शिवलंय."

मी मान खाली घातली; रूपालीच्या तोंडाकडे मला बघवेना.

तिकडच्या माणसाशी मी हिंदी, गुजराती, जे तोंडात आलं ते बोलले. त्याने मला फोनवर तसंच ठेवून मयुरीच्या तुकडीला वायरलेसवर हाक दिली. एकदा, दोनदा. नुसती खरखर.

मग उत्तर आलं, त्याने लोखंडाचं सांगितलं, आणि थोड्या वेळाने मयुरीचा आवाज आला. "सापडलं, आजी. आजोबांचं ना हे? पाठीवरच्या पिशवीत तळाशी टाकू?"

"फेक."

"आजी..."

"फेक म्हणते ना!"

खरखर झाली. "फेकलं," ती म्हणाली, आणि उताराला लागली.

आता तिच्या अंगावर माझं काहीच नव्हतं. रूपाली शेजारी येऊन बसली. ती खाली उतरून कळवेपर्यंत फोन आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला होता.