गोपिकाला काय आवडतं?

नाचणगावच्या बापूराव थुलांच्या घरात त्या आठवड्यात इंग्रजी शिरलं आणि घरातलं बोलणंच आटलं. हे तुमच्या-आमच्याही घरी होतं म्हणा. मराठीत तासभर तोंड न मिटणारा माणूस इंग्रजीत "हाऊ आर यू" झालं की गप्प पडतो, आणि समोरच्यानं "व्हॉट आर युवर हॉबीज?" विचारलं की त्याला दरदरून घाम फुटतो. मग आपण सगळे जे करतो तेच बापूराव करू लागले. पाठांतर!

कारणही तसंच होतं. त्यांची नंदिनी सेवाग्रामला नर्सिंग शिकली, बंगळुरूच्या एका दवाखान्यात लागली आणि तिथे सोबत काम करणाऱ्या जोबिनला तिनं पसंत केलं. मुलगा केरळचा. बापूराव वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात बाबू आणि गावच्या समाजमंदिरातले हुकमी वक्ते. जातधर्माच्या भिंती पाडा, बाईला बरोबरीचा हक्क द्या, असं माईकवर सांगून सांगून त्यांचा घसा बसलेला. घरचीच वेळ आल्यावर ते मनापासून हो म्हणाले. अडचण होती ती मुलाच्या आईची. लीलाम्मांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. त्यांनी अजून होकार दिला नव्हता. "आधी माणसं पाहू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर माणसं पाहायची होती, आणि ती इंग्रजीत. पोरीचं लग्न त्या कॉलवर अडलं होतं.

मोबाइलवरच्या इंग्रजीच्या धड्यांमधला आवडीनिवडींचा धडा बापूरावांना भारी पटला.

"अवं, शिकलेले लोक पह्यले हेच इचारतात," ते बायकोला म्हणाले. "माह्यं ठरलं, रीडिंग. तुह्यं काय लावू?"

"लावू म्हंजे?" गोपिकाचे हात भाकर थापता थापता थांबले.

"म्हंजे काय सांगायचं? कुकिंग अँड निटिंग. शोभते."

"मले त विणता येत नाई."

"त्यायले कुठं दिसून राह्यलं! तू फक्त म्हणजो."

आता बापूरावांचं वाचन काय होतं ते साऱ्या गल्लीला ठाऊक. पेपर उघडला की पहिलं पान संपायच्या आत तो छातीवर आणि हे घोरायला मोकळे. पण गोपिका त्यावर काही बोलली नाही. ती हसली आणि "कुकिंग अँड निटिंग" घोकायला लागली.

रविवार उजाडला. बापूरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, फोन डब्यांच्या आधाराने उभा केला. पडद्यावर एका चौकोनात नंदिनी आणि जोबिन, दुसऱ्यात लीलाम्मा. पांढरे केस, जाड चष्मा, नजर अशी की शाळेतल्या हेडमास्तरणीची आठवण यावी. ओळखपाळख झाली आणि त्यांनी गोपिकाकडे पाहून विचारलंच, फावल्या वेळात तुम्हाला काय करायला आवडतं? बापूरावांनी एका दमात सगळं ओतलं. "माय हॉबी इज रीडिंग, माय वाइफ्स हॉबी इज कुकिंग अँड निटिंग!"

लीलाम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नॉट यू, सर. गोपिका, यू टेल मी. व्हॉट डू यू लाइक?"

गोपिकानं तोंड उघडलं आणि पाठ केलेलं पार उडून गेलं. मराठीत बोलायचं असतं तर तिनं वेळ मारून नेली असती. आमचं काय जी, घरदार, पोरंबाळं, असं हसून म्हटलं असतं, आजवर म्हणत आली तसंच. पण इंग्रजीत टाळाटाळ करायला शब्द लागतात, आणि तिच्याजवळ होते जेमतेम मूठभर. तेवढ्या शब्दांत खरं तेवढंच सांगता येत होतं.

"आय लाइक स्विमिंग," ती म्हणाली.

"नो, नो! शी इज जोकिंग!" बापूराव ओरडले.

लीलाम्मांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हेअर डू यू स्विम?"

"रिव्हर. माय मदर व्हिलेज. आय स्मॉल, एव्हरी डे रिव्हर." गोपिकानं दोन्ही हात पसरून वर्धा नदी दाखवली. "बिग रिव्हर! दिस साइड, दॅट साइड, आय गो." तिचा चेहरा उजळला होता, आणि मग हळूहळू हात खाली आले. "मॅरेज. देन नो स्विम."

"व्हाय?"

गोपिका थोडा वेळ शब्द शोधत राहिली.

"नोबडी से नो," ती म्हणाली. "नोबडी आस्क."

कोणी नाही म्हटलं नाही. कोणी विचारलंच नाही. लीलाम्मांनी चष्मा काढून पुसला, नंदिनीला कळवते म्हणाल्या आणि कॉल संपला.

"घात केला तुनं!" बापूरावांचा आवाज चढला. "पोरीचं जमत आलं होतं, आन् तू नदीत उतरली! एवढं सोपं होतं, तेही सांगता आलं नाई?"

"खोटंच सांगाचं होतं त मराठीत सांगतलं असतं," गोपिका म्हणाली. "इंग्रजीत मले खोटं येत नाई."

बापूरावांचा राग तिथंच अडकला. त्यांनी विचारलं, "खरंच पोहत होती तू?"

"हाव. उन्हाळ्यात नदीपल्याड आमची डांगरवाडी राहे, टरबुजा-खरबुजांची. तिकडून डांगरं पाण्यात सोडायची आन् ढकलत ढकलत अल्याड आणायची. मधात डोह होता, पोरंसुद्धा भेत. मी नाई भेली कधी."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? म्या काही मना केलं असतं का?"

"नसतं केलं. पण तुमाले चहात अद्रक लागते, वांगं चालत नाई, हे मले कोनी सांगतलं? मी इचारलं. लग्न होऊन आठ दिस नव्हते झाले, तवा इचारलं." तिचा आवाज चढला नाही. "तुमी भाषणात बाईच्या हक्काचं बोलता, लय चांगलं बोलता, मी टाळ्या वाजवते. पण हक्क द्याच्या आधी बाईले इचारा त खरं, बाई, तुले आवडते काय? आपल्या घरी कोनी इचारलं नाई. आन् मीही सांगणं सोडलं. मंग हळूहळू मलेच आठवेनासं झालं."

साहेबासमोर न डगमगणारे बापूराव त्या दिवशी बायकोकडे नव्यानं पाहू लागले. ही बाई कोण आहे? एका छपराखाली जन्म गेला, आणि तिच्यात एक अख्खी नदी आहे हे आपल्याला केरळातल्या अनोळखी बाईनं विचारल्यावर कळावं! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल काहीतरी विलक्षण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजा टाकली आणि गोपिकाला थोरल्या भावाच्या शेतावर नेलं. भाजीच्या वाफ्यांजवळ पायऱ्यांची जुनी विहीर होती, तुडुंब भरलेली. त्यांची वहिनी शकुबाई मेथी खुडत होती.

"वहिनी, नंदिनीची आई पोहून राह्यली आज."

"डोस्कं फिरलं का भाऊजी? इथं पोट्टे उतरतात. बाया नाई उतरत."

"काऊन नाई?"

शकुबाईनं विचार केला. "मालूम नाई बापा. कोनी उतरलीच नाई."

गोपिका नंदिनीचा जुना पंजाबी ड्रेस घालून आली होती, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. बापूरावांना पोहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हातात दोर घेतला होता. ती पायऱ्या उतरली, पाण्यात पाय बुडवून उभी राहिली. "जमन का आता?" असं स्वतःशीच म्हणाली, आणि उलट्या पावली वर आली. भ्याली बिचारी, असं बापूरावांना वाटलं. ते काही बोलणार तोच ती काठावर गेली, हात जोडून डोक्यावर नेले, आणि सूर मारला!

अबब! पाण्यानं तिला आत घेतलं आणि वरून मिटून घेतलं. "अवं गोपिके!" बापूराव किंचाळले. आणि पार पलीकडच्या कडेला ती वर आली, केस मागे टाकले, आणि हसली. असं मोकळं हसणं त्यांनी आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मग ती उताणी झाली, हात सोडून दिले, आणि पाण्यानं तिला तोलून धरलं. ना हातपाय मारणं, ना धडपड. डोळे मिटून ती नुसती तरंगत होती. बापूरावांच्या हातातला दोर गळून पडला. त्यांनी नकळत हात जोडले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

खिशात फोन वाजला, व्हिडिओ कॉल. नंदिनी! ज्या निरोपासाठी ते रात्रभर तळमळले होते, तो आला होता. त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "थांब पोरी, मंग सांगजो. आधी तुह्या मायले पाह्य." फोन विहिरीकडे वळवला.

"बाबा... ही आई हाय?" नंदिनी रडत होती. मग तिला निरोप आठवला. "लीलाम्मा हो म्हणाल्या. पाठ केलेलं सारेच बोलतात म्हणे, ही बाई खरं बोलली. अशा घरी सोयरीक करायची म्हणून सांगतलं."

आनंदाच्या भरात बापूराव वळले. शकुबाई मेथी बाजूला टाकून काठावर बसली होती, पाण्यावरून तिची नजर हलत नव्हती.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तुमाले काय आवडते वो?"

शकुबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. तिला काही सापडेना. तिचे डोळे भरून आले.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "आठवू द्या."

मंडळी, आपल्या घरातल्या बाईला कोणी बांधून ठेवलेलं नसतं. आपण फक्त तिला विचारत नाही, आणि न विचारल्यानंही माणूस विझत जातो. तेव्हा आज घरी गेल्यावर आईला विचारा, बायकोला विचारा, बहिणीला, वहिनीला विचारा, तुला काय आवडतं? पहिल्यांदा ती म्हणेल, माझं काय! ते उत्तर घेऊन उठू नका. बापूराव वहिनीशेजारी काठावर बसले, तसे तुम्हीही बसून राहा. तिला आठवायला वेळ लागेल.