एका छिद्राचा मणका

मित्रांनो, मी एक जुना मणका आहे. जुना म्हणजे किती? जमिनीवर डायनोसॉर फिरत होते ना, तेव्हा मी समुद्रात पोहत होतो! आता दगड झालोय, आणि तोही अर्धाच. हसू नका हं.

कच्छच्या खडकातून मला शनिवार पेठेतल्या एका कॉलेजात आणलं, 'माशाचं हाड' अशी चिठ्ठी लावली आणि खणात टाकलं. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. मग १९९९ साली भूगर्भशास्त्र शिकणारी कल्याणी आली. दुसऱ्या खणातला एक तुकडा तिने माझ्या तुटक्या कडेला लावून पाहिला. अगदी चपखल बसला! तो माझाच दुसरा अर्धा होता.

"सर, खाली बघा ना! दोन छिद्रं, शेजारीशेजारी!" ती उडालीच.

सर भिंगातून बघत राहिले. "हा मासा नाही. मणक्याखाली अशी जोडछिद्रं लांब मानेच्या समुद्री सरीसृपाला असतात, तोच असावा. एकच छिद्र असतं, तर कुदळीचा घाव म्हटलं असतं. दसऱ्यानंतर दोन्ही तुकडे एकत्र मोजू."

एक छिद्र माझ्याकडे, एक त्याच्याकडे. चित्र काढायला कल्याणीने आधी मला घरी नेलं. तो टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याच खोलीत आता कम्प्युटर लॅब होणार होती. नव्या कम्प्युटरांना हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा झाली.

"मॅडम, इथला तुकडा कुठाय?" कल्याणीने ऑफिसातल्या विजयमालाबाईंना विचारलं.

"अगं, पूजेत खंडित वस्तू ठेवतात का? निर्माल्याबरोबर नदीत सोडला."

"अहो, तो मणका होता!"

"आणि आमचे मणके? सकाळपासून तुमची खोली झाडतोय."

कल्याणी पुलाकडे धावली. धरणातून पाणी सोडलेलं होतं. गढूळ लोंढ्यावर नुसती फुलं. पाणी ओसरल्यावर तिने चिखल चाळला. पिशव्या निघाल्या, फुटक्या तसबिरी निघाल्या. तो नाही.

सरांनी नवी चिठ्ठी लिहिली: 'ओळख अनिश्चित.' कल्याणीचं संशोधन तिथेच थांबलं. जूनमध्ये ती त्याच खोलीत कम्प्युटर शिकायला बसली आणि मी जिन्याखालच्या खोक्यात गेलो.

मित्रांनो, मी कोण ते मला पक्कं माहीत आहे. पण माझ्या सांगण्याला कुणी पुरावा म्हणत नाही. म्हणून हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, सांगतो: तुटकं काही टाकण्याआधी, त्याचा उरलेला भाग कुणी शोधत नाही ना, तेवढं विचारा. नदीतल्या त्या अर्ध्यालाही एकच छिद्र आहे. उद्या तो कुणाला सापडला, तरी दगड समजून पुन्हा पाण्यातच फेकतील.