बेटावरच्या बाईला विचारायचं

“त्या बाईले काई इचारू नका, मन्सूरभाऊ,” गोकुळा म्हणाली.

मन्सूरभाऊंचं बोट माउसवर थबकलं. समोरच्या पडद्यावर धुकं दाटलं होतं. धुक्यात एक बेट, बेटावर काळ्या दगडांची कोठी आणि कोठीच्या सज्जात वेताच्या खुर्चीवर बसून समुद्राकडे पाहणारी काळ्या पोशाखातली एक बाई. कोठीचा मालक दीपगृहाच्या पायऱ्यांखाली मरून पडलेला सापडला होता. तो पाय घसरून पडला की त्याला कुणी ढकललं, हे शोधायला खेळणारा माणूस होडीनं बेटावर उतरतो, असा तो खेळ. सज्जातली बाई ही त्या मालकाची बायको.

“काऊन बाई? तिले इचारल्याबिगर समजन कसं?”

“तिचा माणूस कालच गेला. तेरवी तरी होऊ द्या जी.”

मन्सूरभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. “गोकुळाबाई, हा गेम हाय. याच्यात दिवस जातच नाईत. आपण इचारलं का मंग पुढं सरकते.”

“त्याचे नाई जात, आपले तं जातात ना? आपले मोजू.”

आता यावर वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलेल्या माणसानं काय बोलावं? त्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. नसीमभाभी दाराजवळच्या उजेडात ब्लाउजला हातशिलाई करत बसल्या होत्या. मदत मागायची ती जागाच चुकली.

“गोकुळा बराबर बोलून राह्यली,” त्या सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. “पण तेरा दिवसांनं काय होते? आमच्यात इद्दत असते. चार महिने दहा दिवस. तवर परका माणूस समोर जाऊन बसतच नाई. अन् हा तर होडीतून आलेला, कोण कुठचा!”

“अवो, ते बाई ना तुमच्यातली, ना यांच्यातली.”

“मंग तर जास्तच सांभाळा लागन. तिच्या बाजूनं बोलणारं तिच्यातलं इथी कोणीच नाई.”

झालं. निकाल लागला. गोकुळानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती पेनानं गोल केला. नसीमभाभींनी बोटांवर चांद मोजून चार महिने दहा दिवस पक्के केले. एका कधीच जिवंत नसलेल्या बाईचा दुखवटा सिंदेवाहीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रीतसर सुरू झाला.

मन्सूरभाऊंचा क्लास म्हणजे सात कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दारावर ‘येथे सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील’ अशी पाटी. सकाळी आणि तीननंतर पोरं शिकायला येत, मधल्या वेळात दाखल्यांसाठी खेड्यांवरून माणसं येत. गोकुळा झाडलोट करी, पाणी भरी, चहा करी. पाच कोसांवरच्या गावाहून ती सकाळच्या काळीपिवळी जीपनं येई आणि सांजच्यानं परत जाई. मुलगी रिंकू मूल गावी दिली होती. घरी दोन शेळ्या आणि ती.

दीड ते तीन क्लासमध्ये चिटपाखरू नसे. दिवाळीच्या सुट्टीत एका अशाच दुपारी मन्सूरभाऊंनी कोपऱ्यातल्या जुन्या मशिनीत एक जुनी सीडी घातली. तरुणपणी एका मासिकासोबत फुकट मिळालेला तो खेळ त्यांनी सज्जापर्यंत खेळला होता, मग लग्न, क्लास, हप्ते यांत तो राहून गेला तो राहूनच गेला. नव्या मशिनीवर तो चालत नसे, म्हणून जुनी मशीन त्यांनी भंगारात दिली नव्हती. गोकुळा फरशी पुसत होती. धुक्यातून होडी आली आणि तिच्या हातातलं पोतेरं हातातच राहिलं.

“कुठी चालली जी ही डोंगी?” तिनं विचारलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी तिघं बेटावर जाऊ लागले. मन्सूरभाऊ इंग्रजी वाचून मराठीत सांगत. कुठं जायचं, काय उचलायचं हे गोकुळा सांगे. नसीमभाभी संशय घेत. आजवर त्यांनी स्वयंपाकी, माळी, डॉक्टर आणि एक मांजर अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

गोकुळाला त्या खेळानं वेड लावलं, यात शंकाच नाही. गोळ्या नाहीत, मारामारी नाही, धावायचं नाही. जिन्यावर उभं राहावं वाटलं तर दुपारभर उभं राहा, कोणी ढकलत नाही. खिडकीवर माउसचा बाण नेला की त्याचा हात होतो. हात झाला म्हणजे तिथं काहीतरी आहे, हात लावून बघ. फुटका दिवा, ओला हातमोजा, अर्धं तिकीट, जे मिळेल ते पडद्याच्या खालच्या पट्टीत जाऊन बसे. गोकुळा त्या पट्टीला ओचा म्हणे. “टाका ओच्यात, कामी येईन,” ती सांगे आणि कधी ना कधी ते कामी येई. आयुष्यात तिनं कितीतरी गोष्टी अशा उचलून ठेवल्या होत्या, त्या कशाच्याच कामी आल्या नव्हत्या.

रात्री अंथरुणावर पडली तरी तिला कोठीतले लांबलांब व्हरांडे दिसत. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. तिच्या मनातला समुद्र गावच्या तलावासारखाच होता, फक्त पलीकडची पाळ नसलेला. त्यात धुकं उतरे आणि ती चालत राही.

पण तिला सगळ्यात जास्त आवडली ती वेगळीच गोष्ट. त्या कोठीतला प्रत्येक माणूस पहिल्यांदा खोटं बोले. माळी म्हणे, मी गावात होतो. मग त्याचा चिखलाचा बूट सापडे. बूट घेऊन पुन्हा त्याच्याकडे जायचं, पुन्हा विचारायचं. तो मान खाली घालून खरं सांगे. कोणी त्याला आधीचं खोटं का बोललास म्हणून मारत नसे.

“दुसऱ्यांदा इचारता येते का जी?” पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

“कितीबी येळा,” मन्सूरभाऊ म्हणाले होते. “तो जागचा हलत नाई.”

गोकुळाला मात्र कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

चार वर्षांमागं, मोहफुलांच्या दिवसांत, तिचा नवरा मनसाराम पहाटे फुलं वेचायला जंगलात गेला आणि वाघानं त्याला नेलं. मनसारामला अजून गावात आणलंही नव्हतं, तेवढ्यात अंगण माणसांनी भरलं. वनखात्याच्या एका साहेबानं मांडीवर कागद धरला. नाव काय, वय काय, किती वाजता निघाला, कोणत्या बाजूनं गेला. कोणीतरी मोबाइल तोंडासमोर धरला होता. साहेबानं विचारलं, “रोज दोघं सोबत जाता म्हणता, मग आज तुम्ही का नव्हत्या?” गोकुळा म्हणाली, “झोप लागली होती.” साहेबानं लिहून घेतलं. त्यानं दाखवलं तिथं तिनं सही केली.

ते खोटं होतं. तेरवी झाली, महिना झाला, वर्ष झालं. रोज तिला वाटे, आता कोणी येईल आणि पुन्हा नीट विचारील. लोक येत, जपून राहा म्हणत, रिंकूची खुशाली विचारत. ते एक कोणी विचारत नसे. आणि न विचारता आपण होऊन सांगायचं कसं, कोणाला, हे तिला कळत नव्हतं. ते तिच्या छातीत तसंच बसून होतं.

हिवाळा सरला. तिघांनी कोठीचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. सज्जाच्या दारापर्यंत जात, आतल्या बाईची पाठ बघत आणि परत फिरत. एकदा शिकायला येणारा एक पोरगा म्हणाला, सर, याचं उत्तर इंटरनेटवर अख्खं आहे, दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. मन्सूरभाऊंनी त्याला असं काही झापलं की तो आठवडाभर क्लासला आला नाही.

कॅलेंडरची पानं उलटली. एकशे तिसाव्या दिवशी गोकुळा आली तेव्हा तिच्या बोटांना मोहाचा वास होता. गावात वेचणी सुरू झाली होती. आता बाया घोळक्यानं, थाळी वाजवत जात. तीही त्यांच्यात जाऊन आली होती.

दीड वाजता नसीमभाभींनी शिवण बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून नीट घेतला. एखाद्याच्या घरी बसायला जावं तशा त्या खुर्ची ओढून बसल्या. मन्सूरभाऊंनी बाण सज्जातल्या बाईवर नेला आणि गोकुळाकडे पाहिलं.

“इचारा,” ती म्हणाली. “हळू इचारा.”

बाईनं मान वळवली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला. खाली अक्षरं उमटली. मन्सूरभाऊंनी वाचलं. “इचारलं, त्या रात्री तुम्ही कुठं होत्या? ते म्हणते, मी झोपली होती. मले काईच ऐकू आलं नाई.”

“खोटं बोलून राह्यली,” गोकुळा म्हणाली.

“आपल्यापाशी पुरावा काय हाय? हातमोजा दाखवून पाहू?”

“पुरावा कायले पाह्यजे? जागी होती ते.” तिचा आवाज चढला. “कोणी असं झोपते का? तो दारात उभा राहून आवाज देते अन् बाईले ऐकू नाई येत?”

मन्सूरभाऊ पडद्यावर दार शोधू लागले. या खेळात कोणी दारात उभं राहून कोणाला आवाज दिला नव्हता. नसीमभाभींनी त्यांचा माउसवरचा हात धरून थांबवला. त्या गोकुळाकडे वळल्या.

“गोकुळा,” त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तू जागी होती का?”

गोकुळानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“होती,” ती म्हणाली. “आदल्या सांजी भांडण झालं होतं आमचं. कोंबडीवरून. अंड्यांवर खुडूक बसलेली माही कोंबडी त्यानं मले न इचारता बहिणीले देऊन टाकली. मी रातभर बोलली नाई. पहाटं त्यानं टोपली घेतली, दारातून म्हणे, येतं का वं? मी पांघरूण ओढून घेतलं. मंग अजून एकदा म्हणे, येतं का? मी जागीच होती भाभी. मले वाटलं, जाऊ दे एकटा, समजन त्याले. मंग गेला तो. दोघं असतो तं वाघ आला नसता. आला असता का?”

नसीमभाभींना खोटं बोलणं सोपं होतं. त्या बोलल्या नाहीत. “मले नाई माहीत,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून तिला खेटून बसल्या. गोकुळा रडली. चार वर्षांत ती पुष्कळदा रडली होती, पण हे रडणं निराळं होतं, आणि ते तिचं तिलाही जाणवलं.

मन्सूरभाऊंना समजूत घालता येत नसे. त्यांना अर्ज लिहिता येत. ते उठून शेजारच्या मशिनीवर गेले आणि कोरं पान उघडलं.

“सांगा बाई,” ते म्हणाले. “त्या साहेबानं चूक लिहून घेतलं ना? आपण बराबर लिहू. प्रति कोण टाकू? तोच साहेब?”

गोकुळानं पदरानं तोंड पुसलं. “त्याले काय करायचं हाय? त्याचं काय नुकसान झालं?”

“मंग?”

“मनसारामले टाका.”

मन्सूरभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ‘प्रति, श्री. मनसाराम भानारकर यांस,’ त्यांनी टाइप केलं. विषय त्यांनी विचारलाच नाही. हजारो अर्ज लिहिलेल्या हातानं तो आपोआप लिहिला. ‘त्या दिवशी जागी असल्याबाबत.’ मग ती बोलत गेली आणि ते आपल्या कागदी भाषेत उतरवत गेले. अधूनमधून ती म्हणे, एवढं मोठं नको, आणि ते खोडत. शेवटी चारच ओळी राहिल्या. प्रिंटर कुरकुरला. मन्सूरभाऊंनी उभं राहून वाचून दाखवलं.

“उपरोक्त विषयास अनुसरून कळविते की, सदर दिवशी पहाटे आपण दारातून दोनदा आवाज दिला. दोन्ही आवाज मी ऐकले. झोप लागली होती असे मी नंतर सांगितले, ते खरे नाही. कोंबडीबाबत आता माझी काही तक्रार नाही.”

“आणखी एकदा वाचा,” गोकुळा म्हणाली. त्यांनी वाचलं.

बाहेर तीनच्या बॅचच्या पोरांच्या सायकली लागल्या. नसीमभाभी दारात गेल्या आणि दोन मिनटं थांबा रे म्हणाल्या.

“तारीख कोणती टाकू?” मन्सूरभाऊंनी विचारलं. “त्या दिवसाची, का आजची?”

“आजची,” गोकुळा म्हणाली. “आज इचारलं कोणी.”

त्यांनी पेनानं तारीख घातली आणि कागद तिच्यापुढं केला. साहेबाच्या कागदावर तिनं नुसतं गोकुळा असं लिहिलं होतं. आज ती खुर्चीवर नीट बसली, हाताखाली वही घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, गोकुळा मनसाराम भानारकर अशी पूर्ण सही केली.