अन्वरचाचांचं विमान

हवाई दलात वैमानिक व्हायचं असेल, तर एक परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. लेखी पुन्हा देता येते, मुलाखतही पुन्हा देता येते. पण शेवटी एका यंत्रासमोर बसवतात आणि तुमचे हात, पाय, डोळे एकमेकांचं ऐकतात का ते बघतात, ते एकदाच. त्यात नापास झालात की विषय संपला. वय बाकी असो, अंगात रग बाकी असो, हवाई दलाचं विमान तुमच्यासाठी नाही. हा नियम मला पाठ होता. बाबांनाही पाठ होता, आणि ते तो आमच्या धाड गावच्या आठवडी बाजारात भेटेल त्याला ऐकवत होते.

मी लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. गांधीनगरच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा हातात चार महिने होते. अर्जात मी विमान चालवण्याशिवाय दुसरं काही भरलं नव्हतं. जमिनीवरची नोकरी पण भरून ठेव, असं आई म्हणाली होती. बाबा म्हणाले, दयाराम सरांना विचारू. सर म्हणाले, दोन दगडांवर पाय ठेवायचा नाही. झालं, ठरलं.

हे दयाराम सर कोण, ते सांगायला हवं. आमच्या भागात हवाई दलात जाऊन आलेला एकच माणूस, तो म्हणजे हे. बावीस वर्षं तिथं गोदामात होते. विमानाचे नट-बोल्ट त्यांनी पेटीतून काढून दिले असतील, विमानात ते बसले होते की नाही कोण जाणे. पण निवृत्त झाल्यावर चिखलीत अकादमी काढली, भिंतीवर लढाऊ विमानाचं चित्र काढून घेतलं, आणि त्या चित्राखाली बसून ते जे बोलतील ते खरं. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. सरांचं शेत धाडजवळ, त्यामुळे ते दर आठवड्याला बाबांच्या गाडीनं यायचे. ड्रायव्हरमागची सीट त्यांच्यासाठी रिकामी असायची. म्हातारी बाई उभी असली तरी असायची.

यंत्र बनवायची कल्पना सरांचीच. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दिलं: समोर पडदा, पडद्यावर ठिपका, हातात दांडा, पायाखाली दोन पायट्या. दांड्यानं ठिपका वर-खाली करायचा, पायांनी डावी-उजवीकडे न्यायचा, आणि चौकटीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.

बनवलं अन्वरचाचांनी. बाबांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. बसस्टँडमागं त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉल्या बनतात. सीट भंगारातल्या जीपची, दांडा म्हणजे खामगावहून आणलेला जुना गिअर रॉड. खाली पायांसाठी एक आडवी लोखंडी पट्टी, मधोमध खिळलेली, दोन्ही टोकांवर दोन पाय. तिच्या पुढं तशीच एक छोटी पट्टी, तिच्यावर बाजारातली लाल उजेडाची टॉर्च, आणि दोन्ही पट्ट्या सायकलच्या ब्रेकच्या तारांनी जोडलेल्या. उजवी तार उजवीकडे, डावी डावीकडे. कुणीही तशीच जोडली असती. समोरच्या भिंतीला चुना मारून कोळशानं चौकट आखली. चाचांनी त्या कामासाठी दोन ट्रॉल्या मागं ठेवल्या, लोकांची बोलणी खाल्ली. सरांच्या हस्ते उद्घाटन झालं. आईनं मेणबत्ती लावली, चाचांनी जिलबी आणली.

मी बसले आणि उजवा पाय दाबला. लाल ठिपका डावीकडे पळाला.

पुन्हा दाबला. पुन्हा डावीकडे.

"सर, हे उलटं जाऊन राह्यलं," मी म्हणाले.

सर जिलबी खात होते. म्हणाले, "विमानात असंच असतं, बेटा. हवेत सगळं उलटं. मशीन चुकत नसते, माणूस चुकतो."

"पण सर, व्हिडिओत तर..."

"चूप बस," बाबा म्हणाले. "सर बावीस वर्षं राह्यले तिकडं. तू कालची पोरगी."

"साहेब म्हणते तर तसंच असन," चाचा म्हणाले.

मी चूप बसले. याचा राग मला अजून येतो. सरांचा येतो, बाबांचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा. मी इंजिनिअरिंग शिकलेली मुलगी. दोन तारा आणि दोन पट्ट्या, एवढंच तर समोर होतं. उजवं टोक पुढं ढकललं की टॉर्चचं तोंड डावीकडे वळणार, हे कागदावर काढून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

त्याऐवजी मी पाय बदलले. दीड महिना लागला. रोज सकाळी दोन तास चाचांची मुलगी शाइस्ता सुतळी ओढून टॉर्च हलवायची आणि मी ठिपका चौकटीत परत आणायची. तेव्हा ती बारावीला होती, मला दीदी म्हणायची. सुरुवातीला पाय आपसूक त्या बाजूला जायचे, जिकडे ठिपका न्यायचा. मग सर म्हणायचे, समन्वय कच्चा आहे. तो शब्द त्यांना फार आवडायचा. हळूहळू समन्वय पक्का झाला. उजवीकडे जायचं मनात आलं की डावा पाय आपोआप दाबला जाई. चौथ्या महिन्यात मी डोळ्याची पापणी न लववता दहा मिनिटं ठिपका चौकटीत धरून ठेवला. सरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग गांधीनगर. पहिल्या दिवशीच निम्म्याहून जास्त मुलं घरी गेली. मी राहिले. चित्रं पाहून गोष्टी लिहिल्या, मैदानात दोऱ्या आणि फळ्या घेऊन नसलेले ओढे ओलांडले, मुलाखतीत वडील काय करतात म्हटल्यावर ताठ बसून सांगितलं. शेवटी आम्ही सात जण निवडले गेलो. धाडची इंद्रभान ड्रायव्हरची पोरगी, धम्मशीला, सातात! मी बाबांना फोन केला तर पलीकडून पूर्ण डेपोचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी यंत्र होतं.

आधी सगळं नीट समजावून सांगितलं. उजवा पाय दाबला की ठिपका उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. म्हणजे दुकानातल्याच्या बरोबर उलट. मग मनात म्हटलं, बरंच आहे की, सोपं आहे, सरळ आहे. थोडा वेळ सरावाला दिला. सरावात मी एकेक पाय विचार करून दाबला आणि ठिपका जागेवर ठेवला. जमेल असं वाटलं.

मग खरी परीक्षा सुरू झाली. ठिपका पळायला लागला. विचार करायला वेळ नव्हता, पायच काय ते करणार होते, आणि पायांनी चाचांच्या दुकानात जे शिकले तेच केलं. ठिपका डावीकडे सरकला, मी त्याला उजवीकडे आणायला डावा पाय दाबला, तो आणखी डावीकडे गेला, मी आणखी दाबला. डोक्याला सगळं कळत होतं. मी मनात ओरडत होते, दुसरा पाय, दुसरा! पाय ऐकत नव्हते. शेवटच्या मिनिटात थोडे ऐकायला लागले, पण तेव्हा शेवटचं मिनिट होतं.

दुपारी नंबर पुकारले. माझा नव्हता.

बाबा मलकापूर स्टेशनवर घ्यायला आले होते. फोनवर मी "नाही झालं" एवढंच सांगितलं होतं.  त्यांनी माझी बॅग घेतली, खांद्यावर टाकली आणि चालू लागले. दोन दिवस मी घरातून बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अन्वरभाईकडं चाल. त्यानं लय मनाले लावून घेतलं."

दुकानात चाचा काम बंद करून उठले. हात पुसले, पुन्हा पुसले. म्हणाले, "बेटी, खरं सांग. मशीनीत काही खोट होती का?"

गाडीत आणि नंतर घरात दोन दिवस मी हेच ठरवत होते, की एकेकाला उभं करून सांगीन. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्यानं ते झालं नाही. "नाही चाचा," मी म्हणाले. "माझेच पाय चुकले."

चाचांनी श्वास सोडला. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि तेवढ्यापुरता मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला, "अब्बा, हे अजून उलटंच जाते!"

मी आत गेले. शाइस्ता त्या सीटवर बसली होती. बारावी झाली होती, हवाई दलासाठी एनडीएचा अर्ज भरला होता, आणि मी गांधीनगरला गेले त्या दिवसापासून ती यंत्रावर बसत होती. तिचा उजवा पाय दाबलेला होता आणि ठिपका चौकटीच्या डावीकडे, पार खिडकीच्या लाकडावर गेला होता.

"विमानात तसंच असते, बेटा," चाचा माझ्या मागून म्हणाले. "दयाराम सर म्हणले ना."

"नसते!" मी ओरडले. एवढ्या जोरात, की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. "नसते तसं विमानात! सरळ असते. उजवा दाबला की उजवीकडं जाते. मी पाहून आली. तिची आयुष्यभराची एकच परीक्षा आहे, तिचे पाय नका बिघडवू. माझे पहिल्या दिवशी बरोबर होते!"

 चाचा यंत्रापाशी खाली बसले आणि तारांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं होतं त्या दिवशी. तारा उलट्या ओढाव्या, म्हटलं. पण साहेब बोलले."

"वाटलं तर मलेही होतं," बाबा हळूच म्हणाले. "सव्वीस वर्षं स्टेअरिंग धरतो मी. पण सरापुढं काय बोलाचं?"

म्हणजे सगळ्यांना वाटलं होतं. एका खोलीत आम्ही तिघं उभे होतो, तिघांनाही दिसत होतं, आणि जिलबी खाणारा एकटा माणूस आमच्यापेक्षा शहाणा ठरला.

चाचांनी पक्कड घेतली. उजव्या टोकाची तार डावीकडे आणि डाव्या टोकाची उजवीकडे, एकमेकींना ओलांडून लावली. दहा मिनिटंही लागली नाहीत. शाइस्तानं उजवा पाय दाबला. ठिपका उजवीकडे गेला. ती हसली, मग माझ्याकडे बघून तिनं हसणं गिळलं. मी भिंतीला टेकून उभी होते. रडायचं नाही असं ठरवलं होतं तरी रडू आलं.

बाबा यंत्राभोवती फिरले. तारा बोटानं चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "एकडाव सरांना विचारून घेऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाबा, सरले काऊन विचाराचं? त्या खऱ्या मशीनीवर बसून आलेली या गावात मी एकटी आहे. मले विचारा ना."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता त्यांचा, चिडलेला अजिबात नव्हता.

"हाव बेटा. पण तू तं नापास झाली ना," ते म्हणाले.

चाचांनी पक्कड खाली ठेवली आणि मान हलवली. शाइस्ता सीटवरून उतरून चपला शोधू लागली. तारा अशा चालतील का ते विचारायला चारच्या चिखली गाडीनं तिला सरांकडे न्यायचं ठरलं. गाडीवर बाबांचीच ड्युटी होती.