फेलिक्स परेराचा केल्टिक उंबरा

कॅनडातल्या व्हिटबीच्या केल्टिक वारसा मंडळात, म्हणजे स्कॉटिश-आयरिश वंशजांच्या मंडळात, ऐंशी माणसं होती, आणि त्यांतल्या एकालाही आपल्या बापजाद्यांची भाषा येत नव्हती. तेरेसा परेराने हे पहिल्याच वर्षी ताडलं होतं. मंडळाचा अध्यक्ष ग्लेन हा निवृत्त विमा एजंट. त्याचा खापरपणजा दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून बोटीने आला, आणि तेव्हापासून त्या घराण्यातलं कुणी तिकडे फिरकलं नाही. पण चौकड्यांचा घागरा नेसून, आत लोकरीची लांब विजार घालून, ग्लेन "आमची माती, आमचं रक्त" असं बोलू लागला की रुमाल काढायचा. पिशवीत हवा भरून वाजवायचं ते वाद्य भिंतीवर टांगलेलं असे. वाजवणारा कुणी नव्हता, म्हणून सीडी लावत.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," तेरेसा म्हणायची.

तिचा नवरा फेलिक्स मात्र त्या लोकांच्या पार नादी लागला होता. फेलिक्स मूळचा वसईतल्या नंदाखालचा, आता वॉनच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. चार वर्षांपूर्वी हॉलसमोरचा बर्फ शोव्हल करायला माणूस हवा म्हणून गेला, आणि तिथलाच झाला. खुर्च्या मांडायच्या, खुर्च्या रचायच्या, कॉफीचा हंडा घासायचा. वर लायब्ररीतून टेप आणून त्याने गेलिक ह्या त्यांच्या बापजाद्यांच्या भाषेतलं पंधरा ओळींचं स्वागत पाठ केलं होतं. सकाळी दाढी करताना पुटपुटायचा. सबंध मंडळात ते येणारा तो एकटाच, आणि तोच मेंबर नाही.

मंडळाला त्याचा खरा उपयोग वर्षातून एकदाच. स्कॉटलंडची रूढी अशी की, नवं वर्ष लागल्यावर घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा पुरुष उंच आणि काळ्या केसांचा असावा, त्याने कोळसा, बिस्किट आणि व्हिस्की घेऊन यावं; मग वर्ष भरभराटीचं जातं. तो येईपर्यंत आतल्या कुणी दार उघडायचं नाही, बाहेर पडायचं नाही. लाल केसांचा आला तर अपशकुन, बाई आली तर विचारूच नका. मंडळात सगळी डोकी पांढरी, लाल नाहीतर तुळतुळीत. म्हणून चार वर्षं तो मान फेलिक्सचा. त्याचे केस साठीत पिकले होते, पण डिसेंबर लागला की तेरेसाच बेसमेंटमध्ये बसवून त्याला कलप लावायची.

"वसईच्या माणसाला कलप लावून स्कॉच लोकांचा शकुन करायचा," ती म्हणायची. "मान हलवू नको. कान काळा होईल."

मंडळी म्हातारी, मध्यरात्रीपर्यंत जागणं होत नाही. मग स्कॉटलंडात बारा वाजतात तेव्हा इथे सात, म्हणून संध्याकाळी सातलाच नवं वर्ष साजरं करून सगळे साडेआठला घरी झोपायला. रूढी पाळावी तर अशी.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठच्या ऑक्टोबरात, फेलिक्सने मेंबरशिपचा फॉर्म आणला. निदान एका बाजूने केल्टिक वंश हवा, अशी अट होती. फेलिक्स आठवडाभर इंटरनेटवर बसला आणि एका रात्री जेवताना म्हणाला, "परेरा हे नाव स्पेनच्या गॅलिसियातलं. गॅलिसियाचे लोक मूळचे केल्ट. म्हणजे आपण केल्ट."

तेरेसाच्या हातातला डाव थांबला.

"फेलिक्स, तुझ्या पूर्वजाला एका पोर्तुगीज पाद्र्याने पाण्याचं भांडं डोक्यावर ओतून ते नाव दिलं. पाद्र्याचं नाव होतं ते. त्याच दिवशी त्याने आख्ख्या आळीला तेच दिलं असेल. मग आख्खी आळी केल्ट?"

"नाव ते नाव."

"उद्या कोंबडीला परेरा म्हण, तीही अंडी केल्टिक देईल."

मुलगी निकोल फोनवरून म्हणाली, "मॉम, लेट हिम बी. इट मेक्स हिम हॅपी." मुलीला काय, ती ओटावात.

खरी मेख तेरेसाला ठाऊक होती. फेलिक्सला केल्ट व्हायचं नव्हतं. वीस वर्षं ह्या देशात काढून त्याला एकदा कुठल्यातरी सभेत हात वर करून मत द्यायचं होतं. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी आपली आळी विकतो, हे पाहून तिला त्या ऐंशी जणांपेक्षा त्याचीच जास्त चीड यायची.

एकतीस डिसेंबरला ती हॉलच्या किचनमध्ये बिस्किटं ताटात मांडत होती. फेलिक्स चांदीचं ताट पुसत होता. त्यात कोळसा ठेवायचा. कोळसाही बार्बेक्यूच्या पिशवीतला. सहा वाजता ग्लेन आला, मागोमाग सेक्रेटरी शीला. नाव शीला असलं तरी ती आपल्यातली नव्हे, आयरिश आजीची नात.

"फेलिक्स, तुझा अर्ज कमिटीने वाचला," ग्लेन म्हणाला. "गॅलिसियाचा मुद्दा फारच छान. सगळे खूश झाले."

फेलिक्सने फडकं खाली ठेवलं.

"पण एक अडचण आहे," शीला म्हणाली. "पहिला पाहुणा बाहेरचा असावा लागतो. घरातला माणूस नाही चालत. तू मेंबर झालास तर तू घरातला झालास. मग उंबरा कोण ओलांडणार?"

"म्हणून आम्ही ठरवलंय," ग्लेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तू आमचा कायमचा पाहुणा. जन्मभर. हा मान आम्ही आजवर कुणाला दिला नाही."

"थँक्यू, ग्लेन," फेलिक्स म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं; तेरेसाला ते ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखं दिसलं. मग त्याने कोट चढवला, ताट उचललं आणि पावणेसातला पुढच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

बाहेर उणे सोळा. आत ग्लेनचं भाषण सुरू झालं, विषय पाहुणचार. तेरेसाने पाच मिनिटं ऐकलं, एप्रन सिंकमध्ये टाकला आणि सात वाजायच्या आत मागच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून पुढे आली.

फेलिक्स पायरीवर उभा होता, ओठ हलत होते. पंधरा ओळी.

"कुणाला म्हणून दाखवणार?" ती म्हणाली. "आत कुणाला कळतं?"

"सात वाजतील आता."

"वाजू देत. फेलिक्स, मी काही बोलणार नाही. मी गाडीत बसते. हीटर लावते. तुला वाटलं तर ये, नाहीतर तुझा मान तुला लखलाभ."

ती गाडीत बसली. काचेवरचं धुकं पुसलं. फेलिक्स दाराकडे बघत उभा होता. आत टाळ्या वाजल्या, मग मोठ्याने उलटे आकडे मोजणं सुरू झालं. सगळे दाराकडे तोंड करून उभे असणार. आकडे संपले तसा फेलिक्स वाकला. ताट त्याने पायरीवर ठेवलं, नीट, बाटली कलंडणार नाही असं. मग येऊन गाडीत तिच्या शेजारी बसला आणि हात हीटरपुढे धरले. बोटं निळी पडली होती.

दोन मिनिटांनी फोन वाजला.

"हो, ग्लेन," फेलिक्स म्हणाला. "नाही, मी बाहेरच आहे." थोडा वेळ ऐकलं. "ताट पायरीवर आहे. तुमच्यापैकी कुणीही घ्या, सगळे मेंबरच आहात."

त्याने फोन बंद केला. खिडकीतून दिसत होतं, डोकी एकमेकांकडे वळत होती, पांढरी, लाल, तुळतुळीत. दाराच्या मुठीला हात लावायला एकही पुढे येईना.

"सीट गरम व्हायचं बटण कुठलं?" फेलिक्सने विचारलं.

तेरेसाने ते दाबलं आणि गाडी मागे घेतली.