तुकड्याला परवानगी

पाचोडच्या सारजाबाईच्या दोन्ही गालांवर तांबडे चट्टे उठले आणि गावानं परस्पर महारोग ठरवून तिला शिवारातल्या खोपटात काढून दिलं. निजाम सरकारचा दाखला आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. सात वर्षांची लेक लांबच्या धोंड्यावर भाकरी ठेवून पळायची.

औरंगाबादच्या दवाखान्यातले डॉक्टर जहांगीर स्वभावानं जरा उतावळे. चट्टे उन्हात पेटतात, त्यांच्यावर टोचलेली सुई बाईला कळते, म्हणजे हा महारोग नव्हेच, ल्युपस नावाचा, दुसऱ्याला न लागणारा कातडीचा आजार असणार, असं त्यांना पहिल्याच दिवशी वाटलं. पण दाखल्याला पुरावा लागतो. म्हणून त्यांनी डाव्या गालाचा हरभऱ्याएवढा तुकडा कापून हैदराबादला तपासायला धाडला. दीड महिन्यानं उर्दूत अहवाल आला. महारोगाचे जंतू नाहीत. वरचा थर झिजलेला, केसांच्या मुळांभोवती पेशींची गर्दी. ल्युपसशी जुळतं, पण चेहरा पाहूनच ठरवावं. चेहरा तर समोरच बसला होता. डॉक्टर हरखले.

दाखल्यावर शिक्का मारणारे कचेरीतले कारकून करीमसाहेब मात्र हरखणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

“ह्या कागदावर तुकड्याला पाचोडात राहायची इजाजत देता येईल. बाकीच्या बाईबद्दल एक हर्फ नाय.”

“तुकडा तिचाच आहे, करीमसाहेब.”

“मग दोघांना एकत्र हजर करा. मी ताडून बघतो.”

शहाण्या माणसानं इथंच कपाळाला हात लावला असता. डॉक्टरांनी हैदराबादला पत्र लिहिलं. महिन्याभरानं कापसात गुंडाळलेली काच आली. तिच्यावर तुकड्याचा पातळ काप, रंग देऊन चिकटवलेला. करीमसाहेबांनी काच खिडकीशी धरली, मग बाईचा गाल न्याहाळला.

“तुकडा जांभळा, बाई सावळी. हे एकाचं कातडं नाय.”

डॉक्टर संतापून रंगाचं शास्त्र सांगत सुटले. सारजाबाईनं त्यांना थांबवलं.

“दाक्तरसाहेब, मला बी तसलंच रंगवा. आठ महिने झाले, लेकीला जवळ घेतलं नाय.”

डॉक्टरांनी रंगाचं शास्त्र तिथंच सोडलं. जखमांना लावायचं जांभळं औषध दवाखान्यात होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या दोन्ही गालांना फासलं. दुसऱ्या दिवशी करीमसाहेबांनी काच गालाशी धरली, समाधानानं मान हलवली आणि शिक्का मारला.

त्या जांभळ्या तोंडानं सारजाबाई पाचोडात शिरली. बघणारे चार पावलं मागं सरले, पण शिक्क्यापुढं कुणाचं काही चालेना. लेक दारात उभी होती. तिनं भीत भीत आईच्या गालाला बोट लावलं. बोटाला रंग आला, तसा तिनं अख्खा तळहातच लावला.