मिसळून गेलेलं घर

वास्तुविशारद अनघा पेडणेकरने मयेकर नवराबायकोसाठी आखलेलं घर वास्तुशांतीच्या तिसऱ्या दिवशी दिसेनासं झालं, आणि घरात इंदूबाई होती.

तिचा नवरा तातू मयेकर बंदरावर बांगडे आणायला गेला होता. परत येऊन बघतो तो नुसता सडा, उघडं खडकाळ पठार. काळा जांभा, वाळलेलं गवत, करवंदीची जाळी, खाली समुद्र. जाळीतून सोलकढीचा वास येत होता.

"बाय, माझी बायको खंय हा?" त्याने धावत आलेल्या अनघाला विचारलं.

अनघाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया खणण्याआधी गावचे घाडी जागेच्या राखणदाराला, तिथल्या रक्षक देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालत होते. सुख दे, सांभाळ कर, नेहमीचंच. ही शहाणी मध्येच म्हणाली, "घाडीकाका, एवढंही मागा. घर जागेत मिसळून जाऊ दे, वेगळं दिसायलाच नको." हात दाखवून अवलक्षण! काकांनी मागितलं आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज हिचाच होता.

आता काकांनी जांभ्यावरून हात फिरवला. "मागलास तसा चोख दिल्यान. दिलेला तो परत घेणा नाय."

अनघाने नकाशा पसरला, पावलं मोजली आणि कमरेएवढ्या खडकावर, जिथे स्वयंपाकघराची खिडकी होती, तिथे चुन्याने चौकट आखली. चौकट उघडली. आत इंदूबाई पाट मांडत होती. तिच्या केसांचं गवत झालं होतं, तिला त्याचा पत्ता नव्हता.

"इंदू, भायर ये!" तातू ओरडला.

तिने चहूकडे पाहिलं. "भायर खंय हा? तुमीच येवा. भात निवता."

चाळीस वर्षांत तातूने तिची जेवणाची हाक कधी मोडली नव्हती. त्याने चौकटीत डोकं घातलं, मग खांदे. कमरेपाशी खडक आवळला. अनघाने त्याचे पाय धरले. भीतीने तिला रडू फुटलं, पण ती जिवाच्या आकांताने ओढत राहिली.

"मीठ कमी हा," आतून तातू म्हणाला.

मुठीतले घोटे जड आणि खरखरीत होऊ लागले. अजून ऊब होती, म्हणून ती सोडत नव्हती. तिची मनगटंही आता जांभ्यासारखी गार पडली होती.

"इंदू," तातू आत म्हणाला, "आजून एक पान वाढ."